सौंदडच्या बाईंचा सारस

गोंदियातल्या प्रोग्रामिंगच्या क्लासला माझ्या शेजारी सौंदडहून रेल्वेनं येणाऱ्या एक बाई बसायच्या. वय चाळिशीचं, नाव मी कधी विचारलं नाही. बटण दाबण्याआधी त्या बोट क्षणभर हवेत धरायच्या.

परीक्षेसाठी त्यांनी स्क्रीनवर धानाच्या बांधीतून, म्हणजे शेतातून, सारस उडवायचं ठरवलं. पक्षी मात्र नुसता आडवा सरकायचा. सर म्हणाले, "रहने दो मॅडम, दुसरं सोपं काही करा."

"काऊन? उडनच तो," बाई म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशीच त्यांना चूक सापडली. सारसाच्या वेगाच्या व्हेक्टरमध्ये त्यांनी आडवा घटक, म्हणजे एक्स, भरला होता. उभा वाय शून्यच राहिला होता. त्यांनी वायला तीन दिले, तर सारस थेट खाली धानात घुसला. स्क्रीनवर वाय वरून खाली वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तीनच्या आधी वजा टाकला आणि सारस डौलात वर चढला. आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागलो.

"पास झालात मॅडम, आता बंद करा," सर हसून म्हणाले.

"थांबा न सर. आत्ताच तं उडून राहिला."

सर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि पाहत राहिले.