मामांचा हात आणि यंत्राचा डोळा

जगातली प्रत्येक वस्तू माणसाची बोटं कापायला टपून बसली आहे, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी पाहिला: माझ्या बायकोचे मामा. मुंबईच्या गिरणीत शेजारच्या कामगाराची बोटं पट्ट्यात जाताना त्यांनी पाहिली होती, आणि तेव्हापासून साऱ्या दुनियेची बोटं सांभाळायची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. आमच्या लग्नात मी आम्हा ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे ग्लास फोडायला पाय उचलला, तर ऐन वेळी मामा ओरडले, "थांबा जावई! फडका नीट गुंडाळलाय काय?" सिनेगॉगच्या पायऱ्या उतरताना ते म्हाताऱ्यांना कठडा धरायला लावत, हे म्हातारे बहुधा त्यांच्याहून तरुण असत. बसमध्ये ते हटकून ड्रायव्हरच्या मागे बसत, त्याला रस्ता दाखवायला.

इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावच्या ज्या कारखान्यात मामा कामगारांची सुरक्षा बघत, तिथेच मी इलेक्ट्रिशियन होतो. पत्र्याची भांडी दाबून काढणारे अवजड प्रेस, आणि त्यांच्यामधून दिवसभर फिरणारे मामा. कोणाचा पंजा साच्याच्या जरा जवळ गेला की आरोळी येई, "हात!" हिब्रू त्यांना येत होती, पण घाईत तोंडात मराठीच यायची. होता होता मोरोक्कोचे, रुमानियाचे सगळे कामगार एवढी मराठी शिकले. घरी मात्र त्यांची मराठी ऐकायला कोणी उरलं नव्हतं. मामी वारल्या होत्या, मुलगी दूर पेताह तिक्वा शहरात राहायची, आणि नातू आला तरी मराठी प्रश्नाला हिब्रूत उत्तर देऊन टीव्हीकडे वळायचा. मामांचं जे काही बोलणं व्हायचं ते कारखान्यात.

एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी तिथे नवी व्यवस्था आली. प्रत्येक प्रेसला एक इलेक्ट्रॉनिक डोळा. त्याच्यासमोर हात आला की प्रेस आपोआप थांबणार, आणि कुठला थांबला ते काचेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उमटणार. खरं सांगतो, व्यवस्था उत्तम होती. मामांना निदान जेवायला तरी जावं लागे, तिला तेही नको. मामांना कॉम्प्युटरपुढे खुर्ची मिळाली. "आता तुम्ही आराम करा," इंजिनिअर म्हणाला. मामा आयुष्यात कुठल्या यंत्राला एवढे घाबरले नसतील!

पहिल्याच सकाळी गंमत झाली. दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवायची, ही आम्हा सगळ्यांची सवय. मामांना वाटलं, लोकांची बोटं वाचवणारी वस्तू काय कमी पवित्र? त्यांनी पहिल्या प्रेसच्या डोळ्याला भक्तिभावाने बोटं लावली आणि चालता प्रेस गचकन थांबला. त्यावर काम करणारा मोरोक्कोचा शिमोन हसत ओरडला, "मामा! हात!" लगेच चार माणसं जमली. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी कॉफी पाजली. मामा दिवसभर खुशीत होते.

मग तोच प्रेस रोज दुपारी थांबू लागला. इंजिनिअरने तारा तपासल्या, कॉम्प्युटर तपासला, दोष सापडेना. शेवटी मला पाळत ठेवायला सांगितलं. जेवणानंतर मामा काचेच्या खोलीतून बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. शिमोन ओरडला, माणसं जमली, मामांचा चेहरा उजळला.

मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, हे काय?"

"जावई, त्या खोलीत दिवसभर कोन येत नाय हो. इथे हात घातला की माणसं धावत येतात."

इंजिनिअरला मी सांगितलं, जोड सैल आहे, अधूनमधून असं होणारच.

पुढे केक कापून मामांना निवृत्त केलं. सुरी अर्थात त्यांनीच धरली, दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. मुलगी त्यांना पेताह तिक्वाला घेऊन गेली. एकदा मी भेटायला गेलो. मुलगी कामावर, नातू सैन्यात.

"सगळं बेसेदेर, ठीक हाय," मामा म्हणाले. "इथे कोनाला काय सांगायलाच लागत नाय."

निघालो तेव्हा ते लिफ्टपर्यंत आले. दार मिटू लागलं की ते मध्ये हात घालत, दार पुन्हा उघडायचं, आणि ते आणखी काहीतरी विचारत: घरी सगळी बरी आहेत ना, शिमोन कसा आहे, बस कुठली धरणार. शेवटी मी बस जाऊ दिली आणि लिफ्टमधून बाहेर आलो.