तीन मुठी कण्यांचं बाळ

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते ना, तसे ते आपोआप साठतात. त्यातून आमचं बागबाजारचं घर! तळमजल्यावर बंगाली घरमालक, मधल्या मजल्यावर सुशी, तिचा नवरा वसंता आणि सासूबाई माई, वरती आम्ही. ती तिघं साताऱ्याकडची, बदलीवर कलकत्त्याला आलेली. मी मात्र इथंच जन्मले, वाढले. त्यामुळे बंगालीचं मराठी आणि मराठीचं बंगाली करायचं काम कायम माझ्या गळ्यात! माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असेल. पण सुशीच्या तिसऱ्या बाळंतपणाचं सांगायला लागले की तीसुद्धा मवाळ होते.

*

सुशीची पहिली दोन बाळं बारशापर्यंत पोचलीच नव्हती. दोन्ही वेळा पाळणा माळ्यावरून काढला, पुसला आणि तसाच परत वर चढवला. तिसऱ्यांदा मुलगा झाला तेव्हा पाळण्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

माई म्हणाल्या, "हे विकायचं!"

वसंता हादरलाच. "आई, अगं काय बोलतेस?"

"अरे, रीत आहे. घरात मूल जगत नसलं की ते दुसरीला विकायचं, सुपभर कोंड्यावर. जिची सगळी मुलं धडधाकट आहेत अशीला. मग ते आपलं नाहीच. काळ आला तरी त्याला घर सापडत नाही. सव्वा महिन्यानं कोंडा परत करायचा आणि सोडवून आणायचं."

घरमालकीण म्हणाली, आमच्यातही हेच करतात, फक्त कोंड्याऐवजी तीन मुठी कण्या.

आता विकत घेणार कोण? बाळाला न्हाऊ घालायला शैलदी यायची. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली, सियालदह स्टेशनात राहणारी. वाळकी, अबोल बाई. माईंनी मला विचारायला लावलं, "मुलं किती तुला?"

"चार," शैलदी म्हणाली.

"अगंबाई, चार! भरल्या घरची आहे हो!" माई खूश. राहायला स्टेशनाचा फलाट, पण माईंच्या लेखी भरल्या घरची!

शैलदीनं पदरातून कण्या आणल्या. माईंनी त्या पितळी डब्यात घालून देवापुढे ठेवल्या आणि बाळ तिच्या ओटीत दिलं. आजपासून हे तुझं, असं मी तिला सांगितलं. तिनं मला दोनदा विचारलं, "आमार?" माझं? मी हो म्हटलं. मग बराच वेळ तिनं बाळ खाली ठेवलंच नाही.

*

तेलावरून मात्र पहिल्याच दिवशी जुंपली. माई खोबरेल घेऊन बसल्या, तर शैलदीनं मोहरीच्या तेलाची वाटी पुढे केली.

"सरसूचं तेल? पोराला न्हाऊ घालायचंय की लोणचं घालायचंय?"

मी हे भाषांतर करून सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला आहे! पण सूर कळायला भाषा कशाला लागते? शैलदीनं वाटी बाजूला ठेवली, बाळाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाली, "आमार छेले."

माझा मुलगा! माई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "माई, विकलंत ना? मग आता तिचं तेल."

त्या दिवसापासून बाळाला मोहरीच्या तेलाचा वास यायला लागला.

*

सगळ्यात हाल वसंताचे. ऑफिसातून आला की हातपाय धुऊन दाराशी उभा राहायचा. शैलदी जायला निघायच्या आत तिला विचारायचा, "जरा घेऊ का?"

पोटच्या पोराला घ्यायला परवानगी! मी एकदा हसले. तसा तो म्हणाला, "वहिनी, त्या दोघांना मी आपलं म्हणूनच घेतलं होतं हो."

मी पुन्हा हसले नाही.

*

इथं बाळ आठ दिवसांचं झालं की गल्लीतली पोरं दारात येऊन काठ्यांनी सूप बडवतात आणि भाजलेले चणे-लाह्या घेऊन जातात. आम्हाला कल्पना होती, पण माईंना सांगायचं राहिलं! खिडकीखाली एकाएकी धडाधडा आवाज सुरू झाला. बाळानं दोन्ही हात एकदम फाकले, मुठी उघडल्या आणि टाहो फोडला.

माई खिडकीतून ओरडल्या, "मेल्यांनो! बाळ दचकलं ना माझं!"

"माझं" म्हटल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. पण सुशीकडे बघते तर ती हसत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसते आहे!

"दचकला, माई! बघितलंत ना? दचकला!"

मला आधी कळेचना. मग तीच म्हणाली, "ती दोघं कशानं दचकायचीच नाहीत हो."

माईंनी पोरांना दुप्पट चणे दिले. वर पुन्हा बडवायला सांगितलं!

*

बाळ पंधरा दिवसांचं झालं आणि डॉक्टरबाबू घरी आले. बाळाची मान धरून बघितली, बोट पकडतो का बघितलं. मग विचारलं, "आई कोण?"

सुशीनं शैलदीकडे बोट दाखवलं. शैलदीनं मान हलवली, हो म्हणून! डॉक्टरबाबू बिचारे तिच्या वाळक्या अंगाकडे बघत राहिले. म्हणाले, "अशानं दूध कसं येणार? हिला नीट खायला घाला."

त्यांना कोण समजावणार? पण माईंनी ते मनावर घेतलं. सुशीबरोबर शैलदीलाही रोज डिंकाचा लाडू! शैलदी तो खायची नाही. पदराच्या टोकाला बांधायची.

"मुलांना नेते ग बिचारी," माई म्हणायच्या, आणि लाडू मोठा वळायच्या.

*

थंडीचे दिवस. शैलदी बाळाला गच्चीवर उन्हात पायांवर घेऊन बसायची. बाळ आता महिन्याचं झालं होतं. तिचा आवाज आला की तिकडे मान वळवायचं, डोळे तिच्या तोंडावर लावायचं. एका सकाळी ते तिच्याकडे बघून हसलं. झोपेतलं नव्हे, चांगलं तोंडभर!

मी सुशीला हाक मारली. ती धावत आली. पहिलं हसू शैलदीच्या वाट्याला गेलं म्हणून तिला वाईट वाटलं असेल. पण म्हणाली, "हसला ना? मग झालं."

शैलदी मात्र हसली नाही. तिनं पदरानं बाळाचं तोंड झाकलं आणि पुटपुटली, "हाशिश ना रे. हाशिश ना."

"काय म्हणतेय?" माईंनी विचारलं.

"हसू नकोस म्हणतेय."

"शत्रू आहे की काय लेकराची! चार मुलांची आई ना ही?" माई रागावल्या. मलाही त्या दिवशी ती बाई आवडली नाही.

*

माईंचा राग टिकतो थोडाच? सव्वा महिना भरत आला तशा त्या कापड घेऊन बसल्या. शैलदीच्या मुलांना कपडे शिवायचे होते.

"मापं विचार ग हिला."

शैलदीनं थोरलीचं माप कमरेपाशी हात धरून दाखवलं. मग मांडीपाशी. मग गुडघ्यापाशी. धाकट्याचं दाखवताना तिनं दोन्ही हात आडवे धरले, मांडीवरच्या बाळाएवढे. माईंनी रोज दुपारी बसून दोन फ्रॉक, एक सदरा आणि एक कुंची शिवली. कुंचीला जुन्या लुगड्याची जर लावली.

सोडवायचा दिवस आला. घरात शिरा झाला. माळ्यावरून पाळणा उतरवला. सुशी नवं लुगडं नेसून, पितळी डब्यातल्या कण्या सुपात घेऊन बसली. शैलदी आली, एकटीच.

"मुलांना का नाही आणलंस? मी घालून बघणार होते!" माईंनी कपडे तिच्यापुढे एकेक करून मांडले. "आता मापाचे होतात की नाही देव जाणे. पोरं वाढतात भराभर. आखूड व्हायचे."

मी बंगालीत सांगितलं. शैलदीनं कुंचीवरून हात फिरवला.

"ना मा," ती म्हणाली. "ओरा आर बाड़े ना."

मी फ्रॉकची घडी घालायला लागले.

"अग सांग ना, काय म्हणाली?"

काय करणार! सांगायचं काम माझ्याच गळ्यात.

"म्हणाली, ती आता वाढत नाहीत."

वसंता भिंतीला टेकला. सुशीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. जिची सगळी मुलं धडधाकट, अशी बाई हवी होती. आम्ही सगळे माईंकडे बघायला लागलो.

माई उठल्या. सुशीकडचं सूप घेतलं, कण्या परत डब्यात ओतल्या, झाकण लावलं आणि डबा देवापुढे ठेवला. मग ती कुंची घेतली, बाळाला घातली, नाडी बांधली आणि बाळ शैलदीच्या मांडीवर दिलं.

"हिला सांग," त्या मला म्हणाल्या, "कुणी विचारलं तर आता पाच म्हणायचं."