वरची चिमूट

आळेफाट्यावर आमचं किराणा दुकान. मी चौथी शिकलो, बायको तेवढंही नाही. पण काट्यावर बसायची ती. डाळ तोलली, पारडं सरळ झालं, की वरून एक चिमूट टाकायची. मढ गावाकडच्या बाया त्या चिमटीशिवाय पिशवीला गाठ मारू द्यायच्या नाहीत.

मोबाईल हातोहाती आले त्या सुमाराला मुलानं दुकानात कॉम्प्युटर आणायचं काढलं. शेजारचे भांडीवाले चाचा हसले. "भाऊ, लाइट दिवसाआड जाती. बिल काय कंदिलावर छापणार?"

आणला तरी. बिस्किटाच्या पुड्यावर लाल उजेड मारला की किंमत यायची, ते बरं होतं. भानगड सुट्या मालाची. नवा काटा कॉम्प्युटरला जोडलेला. हिनं चिमूट टाकली की आकडा वर चढायचा.

"ह्यो वरच्याचंबी पैसं मागतो," ती म्हणाली. मग तिनं युक्ती काढली. चिठ्ठी छापून झाली, पिशवी काट्यावरून उचलली, की चिमूट.

महिनाअखेर मुलगा तापला. "आई, हिशेबापेक्षा डाळ कमी भरती. कॉम्प्युटरला खोटं सांगता येत न्हाई."

"मंग खरं सांग की. आईनं दिली म्हण."

"तसं नसतं त्यात. चिमूट बंद कर, न्हाईतर घरी बस."

ती घरी बसली. भांडली नाही. ओट्यावर नुसती हात मांडीत घेऊन बसायची. मला ते हात बघवेनात. इकडं गिऱ्हाईक आल्या आल्या विचारायचं, "काकू कुठं गेल्या?" मुलगा मान खाली घालून तोलायचा.

मी त्याला म्हणालो, "तुझं यंत्र ऱ्हाऊ दे. पण तिच्या हाताला त्यात जागा कर."

त्यानं कॉम्प्युटर बसवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, कमी भरलेला माल कशात गेला ते नाव टाकून लिहिता येतं. खराब झाला, सांडला, उंदरानं खाल्ला, काहीही. मुलानं जरा विचार केला आणि तिथं 'आई' लिहायला लावलं.

मग स्वतः घरी गेला. "चल, कॉम्प्युटरला सांगितलंय खरं."

ती आली. आधी ते नाव कुठं आहे ते बघू म्हणाली. वाचता येत नव्हतं, तरी काचेवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी व्हय? लईच बारीक केलंय की मला."

नंतर कितीतरी वर्षं ती त्या काट्यावर बसली. गेली तेव्हा दुकान तेराव्यापर्यंत बंद होतं. आता मुलगा तोलतो. मी मागं पोत्यावर टेकून असतो, आणि तिच्या जागेकडं बघायचं टाळतो.

परवा कॉम्प्युटरवाला नवीन काहीतरी भरायला आला होता. मुलानं मागं वळून विचारलं, "आण्णा, हा जुनी नावं काढायचं म्हणतोय. आईचं काढू का?"

"त्या नावावर जाती का अजून डाळ?"

"जाती की."

"कोण टाकतं?"

तो काट्यावरची पिशवी उचलत म्हणाला, "मीच."

"मंग ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.