मला बघायला आलेला कॅमेरा

आमच्या ह्यांच्यावर एक माहितीपट निघतो आहे. चित्रपटांचं छायाचित्रण करण्यात उभा जन्म गेला माणसाचा, तेव्हा निघायलाच हवा. त्यातला शेवटचा प्रसंग माझा होता. रविवारी मी आमच्या बर्लिनच्या घरात हिरवी रेशमी साडी नेसून खिडकीपाशी बसायचं आणि ह्यांनी माझ्यावर प्रकाश जुळवायचा, तरुणपणी जुळवला होता तसाच. मी आनंदानं हो म्हटलं होतं, साडीला इस्त्रीही करून ठेवली होती. पंचाहत्तरीच्या बाईला कुणी खिडकीत बसवत असेल तर तिनं फार आढेवेढे घेऊ नयेत, अशा मताची मी आहे.

मग गुरुवारी ह्यांचं व्याख्यान झालं आणि सगळं बिनसलं.

त्या खिडकीची गोष्ट मी इथल्या प्रत्येक मराठी बाईला ऐकवलेली आहे. पुण्याहून आयटीत आलेल्या पोरी गणपतीच्या आरतीनंतर मुद्दाम विचारतात, "आजी, तुमचं लव्ह मॅरेज ना? सांगा ना कसं जमलं!" की आजी पदर सावरून बसलीच.

हे मूळचे पूर्व जर्मनीतल्या येना गावचे. सासरे तिथल्या भिंगांच्या कारखान्यात काच घासायचे. बर्लिनची भिंत उभी राहायच्या आधीच सासूबाई लहानग्या ह्यांना घेऊन पश्चिम बर्लिनला आल्या. मी इथे रसायनशास्त्र शिकायला आले तेव्हा हे कॅमेऱ्यामागे उमेदवारी करत होते. एकदा मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, हा उंच, किडकिडीत मुलगा समोर येऊन बसला. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुमच्या खोलीला खिडकी आहे का? रविवारी येऊ?"

आता मी पुण्यात वाढलेली. थोरल्या बहिणींचे दाखवण्याचे कार्यक्रम दाराच्या फटीतून बघितलेले. म्हटलं, जर्मन लोक सरळ दिसतात. मध्यस्थ नाही, पत्रिका नाही, मुलगा स्वतःच बघायला येतो! माझं जर्मन तेव्हा पाठ्यपुस्तकापुरतं होतं आणि अक्कल त्याहून कमी.

रविवारी मी हिरवी साडी नेसले. वेणी घातली. बर्लिनमध्ये तेव्हा पोहे कुठले मिळायला, म्हणून हाफरफ्लोकनना, म्हणजे ओट्सना, कांद्याची फोडणी दिली. त्यांचा लगदा झाला तो झालाच. हा मुलगा दोन जड पेट्या आणि एक पोक्त बाई बरोबर घेऊन आला. ही आत्या असणार, म्हणून मी वाकून तिला नमस्कार केला. तिला वाटलं, माझं काही खाली पडलं. तीही वाकली आणि माझ्याबरोबर शोधू लागली.

पेटीतून कॅमेरा निघाला. मी मनात म्हटलं, छायाचित्रकारच तो, मुलगी बघणार तर कॅमेऱ्यातूनच. मग आत्याबाईंनी टेप काढून माझ्या डोळ्यापासून मोजायला घेतलं. वा! आपल्याकडे उंची नुसती विचारतात, हे लोक मोजून घेतात. ती मोजत होती माझ्यापासून भिंगापर्यंतचं अंतर, चित्र धूसर येऊ नये म्हणून. हे ज्ञान मला लग्नानंतर झालं.

"मान डावीकडे. आता उजवीकडे. जरा चालून दाखवता?"

सगळं तंतोतंत आपल्यासारखं! गाणं म्हणायला सांगितलं नाही याची मात्र रुखरुख लागली. तयार केलं होतं हो मी! शेवटी दोघांनी तो लगदा खाल्ला, मुकाट्यानं. मी त्यालाही पसंती समजले.

पानगळ होईपर्यंत तो रविवारी येत राहिला. पुढच्या वर्षी त्याचा पहिला मोठा चित्रपट आला. नायिका आफ्रिकेतली होती आणि तिचा चेहरा त्यानं असा काही उजळला होता की कामं घरी चालत यायला लागली. त्याच वसंतात त्यानं मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, जर्मन माणूस, विचार करायला वर्ष घेतो.

मग हे बर्फात, वाळवंटात, कुठल्याशा बेटावर. मुलं मी वाढवली. माझा वाढदिवस ह्यांच्या कधी लक्षात राहिला नाही. स्वयंपाकघरातल्या दिव्यानं चेहरा हिरवट दिसतो हे मात्र घरात पाऊल टाकल्याबरोबर दिसायचं. मी म्हणायची, असू दे. ह्या माणसानं मला नीट निरखून, पारखून घेतलं आहे. किती जणींच्या नशिबी असतं?

तर गुरुवारी. चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेचं सभागृह, पुढच्या रांगेत मी आणि शेजारी नात. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "त्या काळी फिल्म, दिवे, सगळं गोऱ्या कातडीच्या हिशेबानं केलेलं असायचं. मग सावळा चेहरा तुम्ही शिकलात कुठे?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! मला काहीच येत नव्हतं," हे खुशीत म्हणाले. "सरावाला सावळा चेहरा हवा होता. दोघीतिघींना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. मग एक हो म्हणाली. ती बघा, पुढे बसली आहे."

टाळ्या पडल्या. मीही हसले, सवयीनं.

"तिला वाटलं, मी लग्नासाठी मुलगी बघायला आलोय! माझ्या असिस्टंटच्या पाया पडली ती!"

सभागृह खदखदून हसलं. नातीनं माझा हात धरला.

"मग तुम्ही तिला खरं सांगितलं नाहीत?" त्याच विद्यार्थिनीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर चेहरा बदलला असता," हे म्हणाले. "तसा चेहरा मागून मिळत नाही."

परतताना ऊ-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, मी विचारलं, "अहो, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच दिवशी. जिना उतरताना असिस्टंट म्हणाली. तिनं तुमच्याकडच्या पद्धतीबद्दल वाचलं होतं."

"आणि इतकी वर्षं मी गणपतीत गोष्ट सांगत होते, तेव्हा तुम्ही शेजारी बसून मोदक खात होतात!"

"तू छान सांगतेस. आल्झो, तर मग मध्ये कशाला बोलायचं?"

"आधीच्या त्या दोघीतिघींतली एखादी हो म्हणाली असती तर?"

पुढचं स्टेशन येईपर्यंत ह्यांनी विचार केला. "तर तुझ्याकडे आलो नसतो."

खोटं बोलता येत नाही ह्या माणसाला. गप्प मात्र जन्मभर राहता येतं.

"मग लग्न कशाला केलंत?"

"ते पुढच्या वर्षीचं. ते वेगळं. तेव्हा मी कॅमेरा आणला नव्हता."

साडीतली ती बावळट मुलगी हे ऐकून डब्यातच विरघळली असती. मी खिडकीबाहेरचा अंधारा बोगदा बघत बसले. पुढच्या वर्षीचं खरं असेलही. पण मी सांगत आले ती गोष्ट त्या रविवारची होती. तो रविवार माझा नव्हताच.

"रविवारी मी बसणार नाही," मी म्हटलं.

"पण तो शेवटचा प्रसंग आहे!"

"दुसरी कुणी बघा. सवय आहे तुम्हाला."

दोन दिवस ह्यांनी मनधरणी केली. माहितीपटाची दिग्दर्शिका केक घेऊन आली. केक मी खाल्ला.

रविवारी दिवे आले, वायरी आल्या. मी स्वयंपाकघराचं दार लावून आत भाजी निवडत बसले. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता, "मान डावीकडे, जरा वर." खुर्चीत नात बसली होती, तिच्या रोजच्या स्वेटरमध्ये. साडी मी दिली नाही.

काम आटोपल्यावर ती आत आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच देते; आजोबाही तिचे 'ओपा'.

"रागावलीस, आजी?"

"तुझ्यावर कशाला? मला एवढंच सांग, बसवण्याआधी तुला सांगितलं होतं का, कशासाठी ते?"

"हो, सगळं. दिवा कुठून येणार, का येणार, नंतर कुठे दाखवणार. आणि नको वाटलं तर ऊठ म्हणाले."

"मग तुझा चेहरा बदलला नाही?"

"बदलला म्हणाले ओपा. पण चालेल म्हणाले."

चालेल! म्हणजे तेव्हाही चाललं असतं.

तेवढ्यात बाहेरून ह्यांनी हाक मारली, कॉफी मिळेल का म्हणून. नात उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं आणि भाजीची अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली.