पोपटीला चार टायर

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आणि शेवटी ‘मूर्खपणा नक्की कुणाचा’ असंही विचारू नका. माझाच. सर्वानुमते माझा.

माझ्याकडे एक जुनी सात सीटची गाडी आहे. ती मागच्या चाकांवर चालते. म्हणजे इंजिनाचा सगळा जोर मागच्या दोन चाकांना, पुढची दोन नुसती दिशा दाखवतात. आमच्या ऑफिसातही हीच पद्धत आहे.

आमच्या मीनलचं लग्न ठरत होतं, तेव्हाची गोष्ट. बोलणी करायला पेणहून निडीला गेलो होतो. रोह्याच्या अलीकडचं निडी. तिथं व्याह्यांच्या शेताकडे जाणाऱ्या उतारावरून परत वर चढताना ओल्या मातीत आमची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, आणि मुलाकडच्या सहा माणसांनी गाडी ढकलली. मुलीच्या बापाची गाडी मुलाकडच्यांनी ढकलायची! मला अजून आठवलं की कान गरम होतात.

लग्न झालं. जानेवारीत व्याह्यांचा फोन आला, “रविवारी पोपटीला या. शेतावरच लावतोय.”

पोपटी म्हणजे काय ते रायगडवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेंगा आपल्या वाफेवर शिजतात. स्वर्ग!

पण माझ्या डोळ्यांपुढे शेंगा नव्हत्या. उतार होता. या वेळी पोरगी सासरी उभी राहून बघणार, आणि तिचे सासरे बापाची गाडी ढकलणार. छे! मरण परवडलं.

म्हणून मोबाइलवर शोधलं. एक माणूस गुडघाभर बर्फात उभा राहून सांगत होता की थंडीत साधं रबर कडक होतं, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हिवाळ्याचे वेगळे टायर हवेतच.

“ऐकलंस?” मी बायकोला म्हणालो. “हिवाळ्याचे टायर.”

“पंखा चालू हाय आपला,” सुलभा म्हणाली.

“निडी आत आहे. तिथं सकाळी धुकं पडतं.”

“आपण दुपारी चाललोय.”

बायकांशी तांत्रिक विषयावर बोलू नये. मी रामवाडीत टायरवाल्याकडे गेलो. “थंडीचे टायर हायत काय?” त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कानटोपीकडे. “काका, तुमाला बरं नाय काय?” शेवटी म्हणाला, मागवून बघतो, पण घेतलेत तर चार घ्या. मागं दोनच लावलेत तर पुढची घसरतील.

झालं! आता घ्यावे का नको, आणि घ्यायचे तर दोन का चार? तीन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी म्हटलं, ज्यांचा उतार त्यांनाच विचारू. व्याह्यांना फोन लावला.

“व्याही, पोपटीला येतोय, पण थंडी आहे. टायर लागतील काय हो?”

“टायर?”

“व्हय. दोन लावून भागतं म्हणतात. पण चार लावले की काळजी नाय.”

“आमच्यात पेंढा टाकतात हो,” व्याही जपून म्हणाले. “वाडवडलांपासून पेंढाच.”

उतारावर पेंढा! मला हसू आलं. “पेंढ्याचे दिवस गेले, व्याही. आता टायरच पायजे.”

“वास नाय येत?”

“नव्यांना येतो थोडा. सवय होते.”

“बरं,” व्याही म्हणाले. “तुमच्या मनासारखं होईल. तुम्ही काय आणू नका, आम्ही बघतो.”

काय माणूस! मी सुलभाला म्हटलं, बघ, रस्ता नीट करून घेतायत आपल्यासाठी. टायरांचा विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी मीनलचा फोन. आवाज रडवेला.

“बाबा, तुमी सासऱ्यांना काय सांगितलंत? सासूबाई विचारतायत, तुमच्यात खरंच टायर वापरतात काय गो? मी काय सांगू?”

“सांग, वापरतात. लाकडी चाकं वापरायला आपण काय बैल हाकतो?”

“पण आईनं कधी वापरलेलं मी बघितलं नाय!”

“आईला त्यातलं काय कळतं? मी सांगतो ना.” मी फोन ठेवला. पोरी सासरी गेल्या की हळव्या होतात.

रविवारी निघालो. उतार खडखडीत कोरडा होता. गाडी राणीसारखी खाली उतरली. मी काच खाली करून मान बाहेर काढली, म्हटलं बघा! पण कुणी बघतच नव्हतं. सगळे शेताच्या कडेला उभे होते. तिथं दोन मडकी होती. एकाभोवती पेंढ्याचा जाळ, सोनेरी. आणि दुसऱ्याभोवती काळाकुट्ट धूर आभाळात चाललेला. धुरात चार टायर. मोजून चार.

व्याही नाकाला रुमाल लावून पुढे आले. “या! तुमच्यासाठी वेगळी लावलीय. चार म्हणालात, चारच लावले. गॅरेजवाल्याकडनं मागून आणले.”

मी मीनलकडे बघितलं. ती सासूच्या मागे उभी होती, मान खाली घालून. टायरावर पोपटी लावणाऱ्या घरातली पोरगी! गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती, तिची जन्मभर गेली असती.

मग सगळं सांगितलं. मागची चाकं, बर्फातला माणूस, कानटोपी, सगळं.

व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे बर्फाचे टायर,” ते म्हणाले. “निडीला.”

“व्हय.”

विहीणबाई हसता हसता बांधावर बसल्या. सुलभा तर गाडीला धरून हसत होती. आणि मीनल हसली हो! लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला तसं हसताना बघितलं. मला काय, मी पण हसलो.

आता त्या दुसऱ्या मडक्याचं काय करायचं? अन्न टाकायचं नाही. चूक माझी, मडकं माझं. मी पाट ओढला आणि सगळ्यांदेखत एकटा त्यातल्या शेंगा सोलायला लागलो. चव? रस्त्यावर नुकतंच डांबर टाकलंय आणि आपण ते चाटतोय, बाकी काही नाही.

तेवढ्यात व्याह्यांची मोठी बहीण, म्हणजे आत्याबाई, घरून चहाची किटली घेऊन आल्या. माझा खुलासा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. त्यांनी काळ्या मडक्यातून निमूट खाणारा मी बघितला आणि त्यांचा जीव भरून आला. माझ्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा उचलून त्यांनी मीनलच्या हातात कोंबल्या.

“खा गो पोरी, लाजू नको,” त्या म्हणाल्या. “माहेरची चव हाय ती!”