आप्पांचा काटक्यांचा बांध

आमचे शेजारी जोतिराम आप्पा म्हणजे विचारलं तेवढंच सांगणारा माणूस. संकेश्वरची बस गेली का विचारलं तर 'गेली' म्हणतील. मागून दुसरी येतेय हे सांगणार नाहीत. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. गेल्या वर्षापासून करत नाही.

त्यांची पुतणी पूर्णिमा बेळगावला कॉलेजात शिकते. बीटी कापसाचा पाला ओढ्यात पडून कुजला, तर पाण्यातल्या किड्यांचं काय होतं, हे तिला बघायचं होतं. अंगाभोवती खडे-काड्यांचं घर बांधून राहणारे बारके किडे ती चाळणीत धरून मोजायची. एक डोह कापसाच्या रानाखालचा घेतला, अन् तुलनेला वरचा, स्वच्छ. वर कुठं कापूस आहे का, असं तिनं आप्पांना आधीच विचारलं होतं. आप्पा नाही म्हणाले.

तसं ते खोटं नव्हतं. वर कुणी कापूस लावलाच नव्हता. पण वेचणी संपली की आप्पा उपटलेली कापसाची झाडं पाल्यासकट गाडीतून वर नेतात, वरच्या डोहाच्याही वर, वळणापलीकडं ओढ्यात टाकतात आणि माती लोटून बांध घालतात. उन्हाळ्यात जनावरांना पाणी राहतं.

चार महिन्यांनी दोन्ही डोहांत किडे सारखेच कमी निघाले. कापसाचा संबंध दिसत नाही, असं पूर्णिमानं लिहिलं. वरच्या डोहातली रिकामी चाळणी बघूनच आप्पांना आपला बांध आठवला होता. पण सांगावं तर पोरीचं वर्ष जाणार. ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची त्यांना इतकी लाज वाटायची की जेवण जाईना.

प्रबंध द्यायला जायच्या सकाळी तिनं आभाराची ओळ वाचून दाखवली: 'जोतिराम आप्पांनी ओढ्याची खरी माहिती दिली.' आप्पा सगळं सांगून मोकळे झाले.

"मग तवाच का न्हाय बोलला?" ती म्हणाली.

"तू कापूस हाय का इचारलंस. मेलेल्या काटक्या कुठं कापूस असत्यात, वाटलं. मागनं कळलं, तवा भ्यालो."

वर्ष गेलंच. दोघांनी मिळून बांध उपसला, पूर्णिमानं मोजणी पहिल्यापासून केली. नव्या प्रतीतनं आपलं नाव काढ म्हणून आप्पांनी हात जोडले.

"ऱ्हाऊ दे आप्पा," ती म्हणाली. "आता ती ओळ खरी हाय."

आप्पांनी ती प्रत अजून हातात घेतलेली नाही.