प्रिन्सचं तिकीट

चि. रोहन आणि चि. मीरा,

आमच्या प्रिन्सने उभ्या आयुष्यात एकदाही चोरून खाल्लं नाही. त्याने जे जे खाल्लं ते रीतसर परवानगीने खाल्लं, आणि त्यामुळेच तुमच्या कुसुमआजीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

हे आत्ता लिहायला बसले, कारण गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुमच्या घरातलं भांडण मी डोळ्यांनी पाहिलं. रोहन टेबलाखालून तुमच्या कुत्र्याला, बिस्किटला, थालीपीठ देतोय, आई ओरडतेय की डॉक्टरीणबाईंनी घरचं अन्न द्यायला बंदी केलीय, आणि तुमचे बाबा (माझाच मुलगा!) कोणाचीच बाजू न घेता स्वतःचं थालीपीठ भराभर संपवतायत. मग मीराने विचारलं, "आजी, तुमच्याकडे कुत्र्याला काय द्यायचे?" मी सांगायला सुरुवात केली आणि इतकी हसले की तुम्हाला वाटलं ठसका लागला. म्हणून लिहून पाठवते. कागदावर मला हसू आवरता येतं.

मी लग्न होऊन पोलादपूरला आले ती इंटरपर्यंतचं इंग्रजी, एक ट्रंक आणि पुष्कळ शिस्त घेऊन. सासरी भातशेती, गुरं, आणि अंगणात एक तांबूस पिल्लू होतं. मी त्याचं नाव प्रिन्स ठेवलं. सासूबाई त्याला पिंट्या म्हणत. तो दोन्ही नावांना ओ देई, कारण दोन्ही नावांमागून भाकरी येई.

खरी अडचण हीच होती. घरातला प्रत्येक जण जेवताना त्याला काहीतरी टाके. माझ्या वडिलांकडच्या एका इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की कुत्र्याला माणसाच्या ताटातलं देऊ नये. मी ते सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

"मग त्याला काय कुत्र्याच्या ताटातलं देतात?" सासूबाई म्हणाल्या. "त्याचं शेत कुठं हाय गो?"

यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. शेवटी मी तडजोड काढली. खाऊ दे, पण परवानगीशिवाय नाही! समोर भाकरी ठेवायची आणि मी शब्द उच्चारल्याशिवाय त्याने तोंड लावायचं नाही. शब्द मराठी ठेवून उपयोग नव्हता. 'घे' म्हटलं तर आमच्या घरात दिवसभर कोणी ना कोणी कोणाला ना कोणाला 'घे' म्हणतच असे. म्हणून मी इंग्रजी शब्द निवडला: 'टेक इट.' कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे!

महिनाभर मेहनत घेतली आणि प्रिन्स तयार झाला. भाकरी नाकासमोर असली तरी तो मान वळवून डोंगराकडे बघत बसे. मी 'टेक इट' म्हटलं की एका घासात फस्त. मला फार अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला. एका दुपारी मागच्या दारी सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

"तिकीट!"

आणि पाठोपाठ मचमच.

"आई, ते तिकीट नाही. टेक, इट."

"तेच बोलले ना मी. टेकीट. तिकीट." त्यांनी दुसरा तुकडा टाकला. "तिकीट रे पिंट्या! बघ, त्याला कळतंय. तुलाच कळत नाय."

मी उच्चार सुधारायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि सोडून दिला. दिवाळीपर्यंत घरातले सगळे 'तिकीट' म्हणायला लागले. तुमचे आजोबासुद्धा! शेवटी प्रिन्स माझ्या शुद्ध 'टेक इट'वर विचारात पडायला लागला.

आता कुसुमचं सांगते. कुसुम तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. झाडावर चढण्यात, पोहण्यात, गुरं वळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वयंपाकात मात्र तिचा हात कोणीतरी धरायला हवा होता. पहिलं आलेलं स्थळ तिच्या भाकरीवरून मोडलं होतं. (मुलाच्या मामांनी भाकरी उचलली, उजेडात धरून पाहिली, आणि परत ठेवली.) त्यानंतर ती पोर आठ-पंधरा दिवस हसली नव्हती.

दुसरं स्थळ महाडचं आलं. मुलगा वसंत, मुंबईत नोकरीला. बघायला आला तेव्हा त्याने स्वयंपाकाचं विचारलंच नाही. "तुम्हाला काय आवडतं?" एवढंच विचारलं. कुसुम खाली मान घालून म्हणाली, "आंब्यावर चढायला." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. वसंत मात्र हसला, आणि त्या हसण्यावर आमची कुसुम पाघळली. आता हे स्थळ मोडलं तर ती पुन्हा कोणासमोर पोह्यांची बशी घेऊन येणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळून चुकलं.

सोबत आलेल्या वसंताच्या आईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. पोह्यांच्या बशीशेजारी प्रिन्स पाठ फिरवून बसला होता.

"अगो बाय! तोंड पण लावत नाय? आमच्याकडं माणसांना इतकी शिस्त नाय." त्या निघताना म्हणाल्या, "आता तुम्ही महाडला घर बघायला या. मुलीच्या हातचे लाडू आणा, गोडाधोडानं सुपारी फोडू. आणि त्या कुत्र्याला पण आणा. आमच्या घरच्यांना दाखवायचाय."

मुलीच्या हातचे लाडू! कुसुमने त्याच दिवशी नाचणीचे लाडू वळून पाहिले. एक लाडू सासूबाईंच्या हातातून निसटला आणि सारवलेल्या जमिनीचा टवका उडाला. लाडवाला काही झालं नाही.

मग सासूबाईंनी आणि मी ठरवलं. बेसनाचे लाडू मी वळायचे आणि कुसुमने हूं की चूं करायचं नाही.

"वैनी, त्यांनी माझ्या हातचं मागितलंय," कुसुम म्हणाली.

"डबा तुझ्याच हातात देते ना!" मी म्हटलं. (इंटरपर्यंत तर्कशास्त्रही होतं आम्हाला.)

मी लाडू केले. सगळे एका मापाचे, पितळी डब्यात ओळीने लावले. सुदैवाने बेदाणे संपले होते म्हणून घातले नाहीत. कुत्र्याला ते किती वाईट हे परवा तुमच्या आईने सांगितलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुसुमने गुपचूप आपले नाचणीचे लाडू एका छोट्या डब्यात भरून पिशवीत टाकले.

आम्ही एस.टी.त बसलो: सासूबाई, तुमचे आजोबा, कुसुम, मी आणि पायाशी प्रिन्स. गाडी भरलेली. कोंबड्या होत्या, आंब्याच्या पाट्या होत्या, मुंबईहून आलेला कोणाचा तरी मुलगा काळा चष्मा लावून बसला होता. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला माझ्या मांडीवरचा डबा खुळखुळे. आतल्या ओळी मोडल्या असतील या विचाराने मला चैन पडेना. शेवटी राहवलं नाही. मी झाकण उघडलं आणि लाडू सरळ लावायला लागले. तेवढ्यात मोठा खड्डा आला, झाकण उडालं आणि घरंगळत पाट्यांखाली गेलं.

प्रिन्सचं नाक डब्यापासून वीतभर. त्याने सभ्यपणे मान वळवली.

"बघा," मी शेजारच्या बाईंना अभिमानाने म्हटलं, "ढुंकून बघणार नाही."

"खरंच की गो!"

आणि गाडीच्या पुढच्या टोकाहून चिमटा वाजवत कंडक्टर आले. "तिकीट! तिकीट!"

दोन लाडू गेले.

मला आधी वाटलं खड्ड्यात पडले. तोवर कंडक्टर जवळ आले. "बोला, किती तिकिटं?"

तिसरा गेला. (प्रिन्सला अनेकवचनही येतं हे मला त्या दिवशी कळलं.)

"चार महाड," तुमचे आजोबा म्हणाले.

"आणि ह्या कुत्र्याचं तिकीट?"

चौथा!

"कुत्र्याला कसलं तिकीट रे?" सासूबाई उसळल्या. पाचवा. "तो काय सीटवर बसलाय?"

"आजी, जनावराला तिकीट लागतं. अर्धं तरी लागेलच."

"माझ्या कोंबड्यांना नाय लागलं तिकीट," मागून कोणीतरी म्हणालं.

"मुंबईला कुत्र्याला फुल तिकीट पडतं," काळा चष्मा म्हणाला. "अपुन ने देखा है."

तिकीट पूर्ण की अर्धं यावर अख्ख्या गाडीत वाद पेटला. प्रिन्स मात्र प्रत्येक वेळी पूर्ण लाडू घेत होता. मी डबा उचलला तर तो पुढचे पाय माझ्या मांडीवर ठेवून उभा राहिला. मी 'ड्रॉप इट!' म्हणाले, 'नो!' म्हणाले. पण मी त्याला फक्त घ्यायला शिकवलं होतं, सोडायला नाही! शेवटी मी ओरडले, "अहो, कृपा करून तो शब्द उच्चारू नका!"

सगळी गाडी माझ्याकडे वळून बघायला लागली.

"कुठला शब्द, बाई?" कंडक्टरांनी विचारलं.

"तिकीट!"

शेवटचा लाडू माझ्या आवाजावर गेला.

तुमच्या आजोबांनी तोंडाला रुमाल लावला होता. त्यांचे खांदे हलत होते आणि ते रडत नव्हते. गडबडीत कुसुमचा छोटा डबाही पिशवीतून खाली पडून उघडला होता. प्रिन्सने नाचणीचा लाडू हुंगला, नाक मागे घेतलं आणि डोंगराकडे बघायला लागला.

"तिकीट," कुसुम हळूच म्हणाली.

त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

महाडला उतरलो ते मयताला चालल्यासारखे. वाटेत सासूबाई मला पढवत होत्या, "डबा घरी राहिला असं सांग." कुसुम मात्र आपला छोटा डबा पुन्हा भरून, पोटाशी धरून पुढे चालत होती. लाडू माझे गेले होते, पण घर तिचं जाणार होतं.

वसंताच्या घरी पाणी झालं, गूळ झाला. त्याचे वडील प्रिन्सकडे कौतुकाने पाहत होते. प्रिन्सचं पोट टम्म झालं होतं आणि तो शिस्तीने ढेकर देत होता. मग वसंताच्या आई म्हणाल्या, "आता आणा मुलीच्या हातचे लाडू."

मी तोंड उघडलं. "त्याचं काय झालं, डबा..."

"डब्यातले लाडू वैनीनं केलेले," कुसुम उभी राहून म्हणाली. "ते कुत्र्यानं खाल्ले. हे माझ्या हातचे. हे कुत्र्यानं पण खाल्ले नायत." आणि तिने तो छोटा डबा सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

सासूबाईंनी डोळे मिटले. वसंताचे वडील प्रिन्सकडे बघत होते, वसंताच्या आई डब्याकडे. कुसुम वसंताकडे बघत होती.

वसंताने एक लाडू उचलला. दोन्ही बाजूंनी पाहिला. दाढेखाली धरला. कडाक्!

"दात?" त्याच्या आईंनी घाबरून विचारलं.

त्याने मान हलवली: नाही, लाडू. बराच वेळ चावून त्याने गिळला आणि दुसरा उचलला. तो मात्र त्याने प्रिन्ससमोर धरला आणि कुसुमला विचारलं, "ह्याला कसं सांगायचं?"

"तिकीट," कुसुम म्हणाली.

या वेळी प्रिन्सने कर्तव्य म्हणून तो तोंडात धरला, पायऱ्या उतरला, अंगणात केळीच्या बुंध्याशी खड्डा उकरला आणि लाडू नीट पुरून, वर नाकाने माती लोटून परत आला.

आधी वसंत हसला, मग त्याचे वडील, आणि मग त्याच्या आई अशा हसल्या की पदर तोंडाला लावूनही आवाज रस्त्यावर गेला.

"अगो पोरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कुत्रं पुरून ठेवतंय ते चांगल्या वस्तूच. लाडू टिकाऊ हायत. आणि खरं बोलणारी सून त्याहून टिकाऊ. भाकरी मी शिकवीन." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेसनाचे कसे झालेले?"

"प्रिन्सला आवडले," मी म्हटलं.

सुपारी फुटली. (ती लाडवाच्या मानाने चटकन फुटली.) परत येताना प्रिन्सला वाटेत दोनदा उतरवावं लागलं आणि पुढचे दोन दिवस तो फक्त ताकभातावर होता. तेव्हा रोहन, डॉक्टरीणबाईंचं ऐक. बिस्किटला गोडधोड देऊ नकोस. आणि जे द्यायचं ते उघड दे, टेबलाखालून नको. आमच्या घरात लपवून केलेलं सगळं कुत्र्याच्या पोटात गेलं आणि उघड ठेवलेलं तेवढं उरलं.

प्रिन्स म्हातारा होऊन गेला. कुसुमआजी महाडलाच आहे. तिच्या भाकऱ्या सुधारल्या, लाडू नाहीत. वसंतआजोबा ते आता कवळी काढून, दुधात भिजवून खातात. पोलादपूरच्या घरी अजून कुत्रा असतो, आणि भाकरी टाकताना अजून 'तिकीट' म्हणतात. मी इतकी वर्षं सगळ्यांना इंग्रजी शिकवलं, त्यातला हा एवढाच शब्द उरलाय, आणि तोही चुकीचा.

तुमची,
आजी